सोलो, संजीवनी आणि अँटिऑक्सिडंटचा दावा

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: लडाखमधली ‘सोलो’ हीच रामायणातली संजीवनी, तिच्यात प्रचंड अँटिऑक्सिडंट असल्याचं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून मुळाची पावडर रोज घ्या, थकवा जाईल, कॅन्सर लांब राहील, आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय शून्य.

संजीवनीचं आधी. सोलो म्हणजे ऱ्होडिओला, आपल्या पानफुटीच्याच कुळातली. लेहच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने तिच्यावर काम केलं, २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या भाषणात तिचा उल्लेख आला आणि ती गाजली. पण पुराणातल्या वर्णनावरून नेमकी वनस्पती ठरवता येत नाही. सेलाजिनेलासारखे दावेदार आणखीही आहेत.

खरा घोळ अँटिऑक्सिडंटपाशी आहे. सोलोच्या मुळात सॅलिड्रोसाइड, टायरोसॉल अशी फिनॉलिक, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुणाची संयुगं आहेत, यात वाद नाही. अशी संयुगं झाड स्वतःच्या बचावासाठी बनवतं. तिथल्या उंचीवर अतिनील किरणांचा मारा आणि थंडी दोन्ही असतात. या संयुगांची ताकद मोजायची एक नेहमीची पद्धत म्हणजे डीपीपीएच चाचणी: डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा, रंग जितका पिवळा पडेल तितका अर्क प्रभावी. दोन अर्कांची तुलना करायला ही पद्धत उत्तम. पण डीपीपीएच आपल्या शरीरात नसतंच! शिवाय पोटात गेलेल्या या संयुगांचं आतड्यात आणि यकृतात रूपांतर होतं. रक्तात मूळ रूपात फार थोडी पोचतात. परीक्षानळीतले असे आकडे जाहिरातींत वापरले जात होते आणि आरोग्याशी त्यांचा संबंध सिद्ध होत नव्हता, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली ओआरएसी यादीच (खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या आकड्यांची) मागे घेतली.

कॅन्सरबद्दल तर जपूनच बोलावं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच, पण ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त आढळला.

थकव्याचा दावा त्यातल्या त्यात बरा. युरोपीय औषध संस्था ऱ्होडिओला रोझिया या जातीला तणावातल्या थकव्यासाठी मान्यता देते, तीही दीर्घ पारंपरिक वापराच्या आधारावर. उलट कॅनडात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत (२०१४) ऱ्होडिओलापेक्षा औषध नसलेली बनावट गोळी घेणाऱ्यांना जास्त उत्साही वाटलं. आणि हे सगळं रोझियाबद्दल. लडाखमध्ये अभ्यासलेली जात प्रामुख्याने इम्ब्रिकाटा आहे. एकीचे निष्कर्ष दुसरीला चिकटवता येत नाहीत.

‘अपाय शून्य’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नका. डबीत नेमकं काय आहे हाही प्रश्नच: २०१६ च्या एका तपासणीत रोझिया म्हणून विकल्या जाणाऱ्या सुमारे एक पंचमांश उत्पादनांत तिची ओळख असलेलं रोझाविन हे संयुग सापडलंच नाही. लडाखी लोक सोलोची कोवळी पानं दह्यात कालवून खातात. बाजाराला मात्र मूळ हवं असतं, आणि मूळ खणलं की झाड गेलं. या मागणीमुळेच २०२२ मध्ये ऱ्होडिओलाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला.