वस्ताद, खुराक तोच असला तरी अंगाला सारखा लागत नाही

वस्ताद, नमस्कार.

चरबी आणि आनुवंशिकतेवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं, की उभं आयुष्य तालमीत गेलं, पण जोर-बैठका न सोडणाऱ्याचं पोट सुटलेलं कधी पाहिलं नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळात ढेरी दिसायची ती एखाद्या सावकाराची. दोन पिढ्यांत रक्त बदललं काय? आणि जनुकांच्या गोष्टी सांगून मी आळशी पोरांच्या हातात आयतं निमित्त देते. हे शेवटचं मनाला लागलं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या पोरांशी माझी रोजची गाठ आहे.

सुरुवात तुमच्याच तालमीपासून करू. एकाच वयाची पोरं, पहाटेची मेहनत एकच, खुराकही एकच: म्हशीचं दूध, तूप, बदामाची थंडाई. तरी एकाचं अंग हंगामाभरात भरतं आणि तो वरच्या वजनगटात जातो, तर दुसरा तेवढंच खाऊन काटकच राहतो. कुणाचं दूध वाढवायचं आणि कुणाचं तूप आवरायचं, हे वस्तादाला नजरेनंच कळतं. जवळपास हाच प्रयोग कॅनडात झाला आणि १९९० साली प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना देखरेखीखाली ठेवून ८४ दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खायला घातल्या. कुणाचं वजन ४ किलोंच्या आसपास वाढलं, कुणाचं १३ किलोंच्या वर गेलं. पण जुळ्या भावांची वाढ मात्र एकमेकांशी बरीच जुळली. चरबी पोटावर साठते की आणखी कुठे, यातही भाऊ भावासारखाच निघाला. आळस इथे कुठेच नव्हता, खाणं मोजून दिलेलं होतं.

आता आज्या-पणज्यांबद्दल. दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही, हे तुमचं अगदी बरोबर आहे. बदललं ते भोवतालचं जग. एफटीओ नावाच्या जनुकातला एक प्रकार २००७ साली सापडला. त्याची एक प्रत असली तर सरासरी सव्वा किलो आणि दोन असल्या तर सुमारे तीन किलो वजन जास्त भरतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी संशोधकांनी या जनुकासाठी तपासल्या. १९४२ च्या आधी जन्मलेल्यांमध्ये त्याचा वजनाशी संबंध दिसला नाही, नंतर जन्मलेल्यांमध्ये ठळक दिसला. जनुक तेच होतं, पण कष्ट कमी झाले, खाणं हाताशी आलं, तेव्हा त्याचा परिणाम वर आला. तुमच्या पणजोबांच्या अंगातही तो प्रकार असू शकेल. उसाच्या फडात दिवसभर राबणाऱ्या माणसावर तो उमटायचा कसा?

आणि तो काम कसं करतो, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचा जोर मुख्यतः भुकेवर चालतो. हा प्रकार असलेली मुलं जेवताना जास्त खातात, पोट भरल्याची जाणीव त्यांना तितक्या सहज होत नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाला तिसऱ्या भाकरीची इच्छाच होत नाही आणि दुसऱ्याला ती नाकारायला स्वतःशी झगडावं लागतं. बाहेरून बघणारा पहिल्याला संयमी म्हणतो आणि दुसऱ्याला खादाड. हा अन्याय आहे, वस्ताद.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. वजनाशी संबंधित एक जनुक नाही, लाखो बारीक फरक आहेत. ते एकत्र मोजून ब्रिटनमधल्या मुलांवर काम झालं, २०१९ साली प्रसिद्ध झालं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी जनुकीय कल असलेल्या मुलांच्या जन्मवेळच्या वजनात जेमतेम ६० ग्रॅमचा फरक होता. अठराव्या वर्षी तो १२ किलोंवर गेला. म्हणजे वारसा जन्माबरोबर मिळतो, पण उलगडतो वर्षानुवर्षं. जोर न सोडणाऱ्यांचं पोट सुटत नाही म्हणता, मान्य. पण ज्यांनी सोडले, त्या सगळ्यांचं सारखंच सुटलं का? कुस्ती संपल्यावर पाच-सहा वर्षांत ओळखू न येणारे पैलवान आपल्या गावात आहेत, आणि साठीतही छाती-पोट जागच्या जागी असलेलेही आहेत.

मग निमित्ताचं काय? २०११ साली दोन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तर अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओमुळे येणारी लठ्ठपणाची जोखीम सुमारे २७ टक्क्यांनी कमी निघाली. २०१६ साली वजन उतरवण्याचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एफटीओचा तो प्रकार असलेल्यांचंही वजन इतरांइतकंच उतरलं. तुमचे जोर इथे जिंकतात, आणि मी हे वर्गात ठासून सांगते. जनुकाची चाचणी करून आहार ठरवण्यावर मात्र कुणी पैसे घालू नयेत. २०१८ च्या ६०९ जणांवरच्या प्रयोगात जनुकाप्रमाणे आहार निवडून काही फायदा दिसला नाही.

एक गोष्ट आपल्याकडची. पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडे सडपातळ माणसातही चरबी लपलेली असते. यात आईच्या पोटातल्या पोषणाचाही वाटा आहे, सगळं जनुकांवर ढकलता येत नाही. म्हणून काट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या वर गेली की लक्ष द्यायला हवं.

माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडायची नाही. घरचेच पाहुणे लग्नकार्यात ‘हिला एकटीला दोन पानं वाढा’ म्हणायचे. ती घरी सगळी कामं करते, सायकलने येते. धाकटी बहीण तेच खाऊन काडीसारखी. बहिणींमध्येही वारशाची वाटणी वेगळी होते, हे फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा ती तास संपल्यावर थांबली आणि तिनं पुन्हा विचारून घेतलं. आता डबा खाते, संध्याकाळी मैदानावरही जाते. तिच्या हाती मी निमित्त दिलं असं मला वाटत नाही.

तुमच्याकडून एक हवं आहे. बाप आणि लेक दोघेही तुमच्या हाताखाली तयार झाले, अशा जोड्या असतील. कुस्ती सोडल्यावर बापाचं अंग कोणत्या वयात आणि कुठे सुटलं, आणि लेकाचं आता कसं चाललंय, ते आठवेल तसं इथेच लिहा. नावं नकोत.