ज्वारीच्या डब्यातला फोन

आज सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला नेहमीच्या औषधांच्या दुकानात गेले, तर काउंटरवरच्या मुलाने गोळ्यांचे नाव विचारण्याआधी माझा मोबाईल नंबर विचारला. मी देणार नाही म्हटल्यावर नंबराशिवाय संगणकावर बिलच निघत नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. मागे चार माणसे ताटकळत होती, म्हणून मुकाट्याने नंबर दिला. संध्याकाळपर्यंत एका तपासणी पॅकेजचा आणि दोन आरोग्य विम्याचे, असे तीन मेसेज येऊन पडले. योगायोग असेलही. पण त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिले की चिनी ॲपवर बंदी आली तेव्हापासून आपला डेटा सुरक्षित आहे आणि लोकांना त्याची किंमत नाही. त्याखाली सोळा जणांनी हात जोडले. मी तीनदा उत्तर लिहिले आणि तीनदा पुसले. शेजारधर्म आड येतो. म्हणून इथे लिहिते आहे.

माझी आत्या साताऱ्याच्या माण तालुक्यात राहते. २०२० च्या टाळेबंदीत तिची नात पुण्याहून गावी गेली आणि तिथेच अडकली. पोरीला दिवसभर काही उद्योग नव्हता, तेव्हा तिने पडवीतल्या जात्यावर आजीला बसवले आणि तिच्या ओव्या टिकटॉकवर टाकायला सुरुवात केली. आत्या चौथीपर्यंत शिकलेली, वय तेव्हा सदुसष्ट. तिला दळताना गायची सवय होती, पण ऐकायला कोणी नव्हते, कारण घरात गिरणीचे पीठ येऊ लागल्याला तीस वर्षे झाली होती. दोन महिन्यांत अकराशे माणसे तिच्या मागे लागली. कोण कुठल्या विदर्भातली बाई तिला "माय, अजून एक गा" असे लिहायची आणि नात ते वाचून दाखवायची. त्या वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला न्यायचे ठरले, हे ऐकून आत्याने एक ओवी रचली:

औंदाच्या गं वारीला, रस्ता पडला मोकळा
इठ्ठल माझा सखा, उभा राउळी एकला

ही ओवी नातीने २९ जूनच्या दुपारी चढवली. एकादशी १ जुलैला होती. २९ जूनच्या रात्री सरकारचे पत्रक निघाले आणि टिकटॉकसह एकोणसाठ चिनी ॲप बंद झाली. दुसऱ्या दिवशी नातीने ॲप उघडले तेव्हा ‘गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया’ असे शब्द असलेली सूचना समोर आली, आणि पोरीने जशी होती तशी ती आजीला वाचून दाखवली. आत्याला वाटले की ही नोटीस तिलाच आली आहे. तिने तो फोन कापडात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात खाली घातला आणि आठवडाभर वर काढू दिला नाही. मी लँडलाइनवर फोन केला तर तिचा पहिला प्रश्न होता, "सरकारनं माझं बंद केलं बाई. माझं काय चुकलं?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला आजही देता आलेले नाही.

गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले वीस जवान गेले होते आणि त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते, हे मी विसरलेले नाही. चीनच्या २०१७ च्या कायद्यानुसार तिथल्या कोणत्याही संस्थेने सरकारच्या गुप्तवार्ता यंत्रणेला साहाय्य करणे बंधनकारक आहे, हेही खरे, आणि तो देश स्वतः कोणाची ॲप आपल्याकडे चालू देतो हे सर्वांना ठाऊक आहे. मान्य. बंदी घालण्याचा अधिकार सरकारला नाही असे माझे म्हणणे नाहीच.

माझा राग त्या पत्रकातल्या एका वाक्यांशावर आहे. सार्वभौमत्व आणि संरक्षण यांच्या जोडीला तिथे एकशे तीस कोटी भारतीयांच्या खासगीपणाचे रक्षण हेही कारण दिलेले होते. त्या एकशे तीस कोटींत माझी आत्या येते, मी येते, औषधांच्या दुकानातला तो मुलगाही येतो. आमच्या खासगीपणाची इतकी काळजी असलेल्या याच सरकारच्या बाजूने, अवघ्या तीन वर्षांपूर्वी, आधारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही असा युक्तिवाद झाला होता. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या त्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने तो हक्क आहे असे सांगितले, तेव्हा कुठे तो मिळाला. आणि तो हक्क प्रत्यक्षात उतरवणारा कायदा २०२० मध्ये होता का? नव्हता. तो व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५, आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने लागू व्हायला त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत. त्यातही सरकारला आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून वगळण्याची सोय ठेवलेली आहे. एकोणसाठ दुकानांना एका रात्रीत कुलूप लागते, आणि माझा नंबर कोणी कोणाला दिला हे विचारण्याची सोय व्हायला सात वर्षे लागतात, याला रक्षण म्हणायचे असेल तर म्हणा.

बरे, ज्यांनी बंदी घातली त्यांनी आत्याला काय सांगितले? काहीच नाही, आणि सांगण्याची कायद्याने गरजही नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९अ आणि त्याखालचे २००९ चे नियम अशी कारवाई करायला मुभा देतात, आणि त्याच नियमांत तक्रारी व कारवाई यांबाबत काटेकोर गुप्तता पाळावी असेही लिहिलेले आहे. नेमके कोणत्या ॲपने कोणाची कोणती माहिती कुठे पाठवली, याचा पुरावा तुम्हाआम्हाला पाहायला मिळाला नाही. तातडीचा म्हणून काढलेला तो आदेश जानेवारी २०२१ मध्ये कायमचा झाला. देशातल्या सुमारे वीस कोटी लोकांच्या हातातली गोष्ट काढून घेताना, तुमचे जे काही आत आहे ते आठ दिवसांत उतरवून घ्या, एवढे तरी सांगायचे होते. आत्याच्या ओव्यांपैकी एकही तिच्या फोनमध्ये उतरवलेली नव्हती. फोनमधले फोनमध्येच राहते, असा तिचा आणि नातीचाही समज होता.

आणि तो डब्यातला फोन कोणत्या बनावटीचा होता, तेही सांगते. चिनी. बंदीचे पत्रक ज्या पडद्यावर वाचले गेले तो पडदाही चिनी, आणि त्या फोनला कोणी हात लावला नाही. लावणार कसा, तेव्हा देशात विकले जाणारे बहुसंख्य स्वस्त फोन त्याच कंपन्यांचे होते. त्या पहिल्या यादीत असलेले शीन हे कपड्यांचे ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये रिलायन्सचा हात धरून परत आले. माहिती भारतातच राहील अशी व्यवस्था केली आहे म्हणतात, तसे असेल तर उत्तमच. पण मग अशी व्यवस्था करता येते हे २०२० मध्ये कोणाच्या लक्षात आले नव्हते का? मोठ्या घरी सोयरीक जमली की गोत्र आडवे येत नाही, एवढाच अर्थ मी काढते.

रिकामी झालेली जागा कोणी घेतली हेही आपण पाहिले. बंदीनंतर दहा दिवसांच्या आत फेसबुकच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची सुरुवात भारतातूनच केली. या कंपन्या अमेरिकी असल्याने त्यांच्याकडे गेलेली माहिती काय गंगेत न्हाऊन निघते? राजकीय प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात साडेपाच लाखांहून अधिक भारतीयांची माहिती गेली असू शकते, हे याच फेसबुकने २०१८ मध्ये स्वतःच सांगितले होते. होय, ज्या फेसबुकवर मी हे लिहिते आहे तेच. हसा.

अमेरिकेचे उदाहरण त्या सद्गृहस्थांनीही दिले होते, "बघा, त्यांनीही आपलेच अनुकरण केले" असे. तिथे एप्रिल २०२४ मध्ये संसदेने टिकटॉक चिनी मालकाने विकावे नाहीतर ते बंद व्हावे असा कायदा केला, कंपनी न्यायालयात गेली, आणि तिच्याबरोबर टिकटॉकवर व्हिडिओ करून पोट भरणारी साधी माणसेही याचिकाकर्ती म्हणून गेली. १७ जानेवारी २०२५ रोजी त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ती सगळी हरली. पुढे नव्या अध्यक्षांनी अंमलबजावणीच पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, तेव्हा तिथे सगळे सोवळ्यातले चालते असे मुळीच नाही. पण ती माणसे हरण्यापूर्वी उभी तरी राहिली. "माझं काय चुकलं" हा प्रश्न त्यांना न्यायाधीशांसमोर विचारता आला. माझ्या आत्याने तो लँडलाइनवर मला विचारला.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. वीस घरांत तेव्हा जे घडले त्याच्यापुढे अकराशे माणसांनी ऐकलेल्या ओव्या म्हणजे काहीच नव्हे, आणि आत्या स्वतः हेच म्हणेल, कारण तिचा सख्खा दीर फौजेत होता. बंदी सैनिकांसाठी घातली असे कोणी तिला नीट सांगितले असते तर तिने फोन स्वतःहून डब्यात टाकला असता आणि वर देवापुढे साखर ठेवली असती. तिला तसे कोणी सांगितले नाही. आमचा खासगीपणा जपला, एवढेच आम्हाला सांगितले.

मघाशी तिला फोन केला. आता ती त्र्याहत्तर वर्षांची आहे, कानाला कमी ऐकू येते. वारीची ओवी विचारली तर पहिली ओळ लगेच म्हणाली आणि दुसरीला थोडी अडखळली, मग तीही आठवली. मी म्हटले, "आत्या, ही फेसबुकवर लिहू का?" पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग तिने विचारले, "त्ये पन बंद करत्यात का?" मी म्हटले, सांगता येत नाही. "मग लिही," ती म्हणाली, "पन माजं नाव घालू नगंस. गावाचं बी नगं."

म्हणून वर तिचे नाव नाही आणि गावही नाही. तालुका मात्र मी लिहून बसले आहे, आणि तालुक्याचे तिला विचारायचे राहिले. आता ती झोपली असेल. उद्या सकाळी विचारते, नको म्हणाली तर तेवढा शब्द काढून टाकेन.