पार्कर न्यायाधीशाने फाशी देऊन गुन्हेगारी संपवली? नाही

सध्या एक मेसेज फिरतोय. आशय असा: कायदा नसलेल्या इंडियन टेरिटरीसाठी (मूळ अमेरिकी जमातींचा प्रदेश, आजचं ओक्लाहोमा) अमेरिकेने आयझॅक पार्कर हा न्यायाधीश नेमला. तो चोरालाही फासावर चढवायचा, अपील नव्हतंच, म्हणून गुन्हेगारी संपली. आपल्याकडेही असाच हवा.

कायदा नव्हता, हे चूक. चेरोकी, चॉक्टॉ वगैरे जमातींच्या राष्ट्रांची स्वतःची न्यायालयं होती. मात्र बाहेरून घुसलेल्या गोऱ्यांवर त्यांचा अधिकार चालत नसे. ते खटले आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला, मिझुरीत वकिली केलेल्या पार्कर यांच्यापुढे येत.

चोराला फाशी? मुळीच नाही. घोडेचोरीत सापडलेल्या बेल स्टारला 1883 मध्ये त्यांनी तुरुंगात पाठवलं. फाशी होती खून आणि बलात्काराला, तीही अमेरिकी संसदेच्या कायद्यानं सक्तीची. ज्युरीने, म्हणजे नागरिकांच्या पंचमंडळाने, दोषी ठरवलं की न्यायाधीशाला दुसरी शिक्षा देताच येत नसे. 21 वर्षांत तेरा हजारांवर खटले आले. फाशीची शिक्षा 160 जणांना झाली, प्रत्यक्ष फासावर गेले 79.

गुन्हेगारी संपली, हा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. 3 सप्टेंबर 1875 ला सहा जणांना एकाच वेळी, हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिली गेली. धाक बसायचा तर तेव्हाच बसला असता. पुढची वीस वर्षं खटले येतच राहिले, वॉरंट घेऊन टेरिटरीत गेलेले कितीतरी डेप्युटी मार्शल (कोर्टाचे पोलीस अधिकारी) मारले गेले. खुद्द पार्कर 1896 मध्ये, शेवटच्या आजारपणात म्हणाले की शिक्षा होणारच याची खात्री असेल तर फाशी रद्द व्हावी.

अपिलाचं मात्र खरं आहे, पण 1889 पर्यंतच. तोवर राष्ट्राध्यक्षांची माफी एवढाच मार्ग होता. अपिलाची सोय झाल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या फाशीच्या खटल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश निकाल उलटले. कारण अनेकदा एकच: ज्युरीला कायदा समजावताना पार्कर आरोपीच्या स्वसंरक्षणाच्या बचावाला न्याय देत नसत, ज्युरीला शिक्षेकडे झुकवत. अलेक्झांडर ॲलन हा 14 वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा. खुनासाठी त्याला फाशी सुनावली गेली. तो निकाल 1893 मध्ये रद्द झाला, पुन्हा खटला, पुन्हा फाशी, 1895 मध्ये पुन्हा रद्द. तिसऱ्यांदा, 1896 मध्ये, कायम झाला.

ॲलनला निदान दाद मागता आली. 1889 आधी फासावर गेलेल्यांच्या ज्युरीला काय सांगितलं गेलं, हे तपासणारं वरचं कोर्टच नव्हतं. मेसेज कौतुक करतोय ते नेमकं याचं.