नाव घातलेली तपेली

बडोद्याच्या न्यायमंदिराचं, म्हणजे जुन्या कोर्टाच्या इमारतीचं, पुढे काय करायचं, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कित्येक महिने वाद चालला आहे. २०१८ साली कोर्ट नव्या इमारतीत गेलं आणि सुरसागराजवळची ती १८९६ची देखणी वास्तू रिकामी झाली. तिथे बडोदे शहराचं संग्रहालय व्हावं, हे आमच्यात सगळ्यांनाच पटतं. भांडण आहे ते आत काय मांडायचं, याचं. माझा मामेभाऊ म्हणतो, शहर गायकवाडांनी घडवलं, तेव्हा सुरुवात पिलाजीरावांपासूनच हवी. त्याची सून गुजराती. ती म्हणाली, "पप्पा, गाम तो पहेलां पण हतुं ने!" गाव तर आधीही होतंच की. त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर कुणी बोललं नाही.

मी टोरंटोशेजारच्या मिसिसागात राहते, तेवीस वर्षं झाली. इथे ओंटारिओ तळ्याजवळ ब्रॅडली नावाच्या कुटुंबाचं १८३०चं लाकडी घर आहे. अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहून जी माणसं उत्तरेकडे आली, त्यांतलं हे कुटुंब. घर पाडायचं ठरलं होतं. गावातल्या लोकांनी ते वाचवलं, मूळ जागेवरून हलवलं आणि १९६७ मध्ये त्याचं संग्रहालय केलं. मुलीच्या शाळेच्या सहलीबरोबर मी तिथे पहिल्यांदा गेले. आत राजा नाही, तलवार नाही. शेतकऱ्याचं स्वयंपाकघर, चूल, काळी पडलेली भांडी. मुलं त्या चुलीपाशी जितका वेळ रेंगाळली, तितकी मी त्यांना कुठल्याच राजवाड्यात रेंगाळताना पाहिलेली नाहीत. इथल्या अशा लहान संग्रहालयांत वस्तूशेजारी ती देणाऱ्या घराचं नाव लिहिलेलं असतं. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

या गोष्टीची दुसरी बाजूही इथेच कळते. शहराला ज्यांचं नाव आहे, त्या मिसिसागा या मूळनिवासी लोकांकडून तळ्याकाठची ही जमीन १८०५च्या करारात घेतली गेली आणि १८४७ मध्ये ते क्रेडिट नदीचा काठ सोडून निघून गेले. आज इथे सार्वजनिक कार्यक्रमांची सुरुवात बहुधा त्यांचं नाव घेऊन होते. नुसतं नाव घेऊन जमीन परत मिळत नाही, हे मला कळतं. पण माझी मुलगी 'पहिले रहिवासी' म्हणताना ब्रॅडलींचं नाव घेत नाही, एवढं मात्र झालं.

आणि आम्ही बडोदेकर? लहानपणी कमाटीबागेतल्या संग्रहालयात आम्ही धावत जायचो ते देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी बघायला. अकोट्याच्या कांस्यमूर्तींसमोर मी कधी थांबल्याचं आठवत नाही. अकोटा म्हणजे विश्वामित्रीपलीकडचं जुनं अंकोट्टक. तिथे १९५१ मध्ये जैन मूर्तींचा ठेवा सापडला, पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढच्या काही शतकांचा. त्यात जीवंतस्वामींची, म्हणजे संन्यास घेण्यापूर्वीच्या महावीरांची, एक मूर्ती आहे. ती नागीश्वरी नावाच्या श्राविकेने, म्हणजे जैन उपासिकेने, दिली, असं तिच्या बैठकीवर कोरलेलं आहे. बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं १७३४ मध्ये. त्याच्या अकराशेहून अधिक वर्षं आधी एका बाईने इथे वस्तू दिली आणि आपलं नाव घालून ठेवलं. नव्या संग्रहालयाच्या पहिल्या दालनात मला ती हवी. मामेभावाला राग येईल, तरी हवी.

यात आपलं, बडोद्याच्या मराठी माणसांचं, काही कमी होत नाही. गायकवाडांच्या फौजेबरोबर शिलेदार आले, मागोमाग कारकून, वैद्य, भिक्षुक, आणि त्यांच्या बायका. पुढे १८७५ मध्ये कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला आणि सयाजीराव झाला. १९०६ पर्यंत त्याने साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १८९४ मध्ये संग्रहालय दिलं. त्याने युरोपातून चित्रं आणवली. पण त्याच्या राज्यात कारकुनी करणाऱ्यांच्या घरी पाणी कशात तापत होतं, हे आज कुठल्या दालनात दिसतं? तांबेकरवाडा पुरातत्त्व खात्याने राखला, भिंतींवरच्या चित्रांसकट. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यासारखे वाडे कोण राखणार!

तो वाडा सहा वर्षांपूर्वी विकला. तांब्याचा बंब, घंगाळं, मोदकपात्र, सगळं एका दुपारी वजनावर गेलं. माळ्यावर पणजोबांचे मोडी कागदांचे तीन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते, ते रद्दीत गेले. मी फोनवर रडले, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, तू तिथून सांगू नकोस. गळकं छप्पर, चौदा वारस आणि घरपट्टी आम्ही सांभाळलीय." त्याचं बरोबर होतं. परदेशातून वाडे वाचवा म्हणणं सोपं आहे, आणि मी ते म्हणायचं सोडलं आहे. माझं मागणं एवढंच, वाडा मोडताना प्रत्येक घरातून एक वस्तू बाजूला निघावी. कुणाची, कुठल्या खोलीतली, कशासाठी वापरली, हे चार ओळींत लिहून ती संग्रहालयासाठी ठेवावी. नागीश्वरीसारखं नावानिशी द्यावं. हे सांगणारी आत्या, काकू अजून आपल्यात आहे तोवरच ते होईल.

माझ्याकडे आजीची पितळी तपेली आहे, लग्नानंतर मीच इथे आणलेली. तेवीस वर्षं तीत डाळ शिजवली. डिसेंबरमध्ये ती बॅगेत घालून बडोद्याला नेणार आहे. संग्रहालय होईपर्यंत मामेभावाच्या सुनेकडे राहील, तसं तिच्याशी बोलणं झालं आहे. काठाखाली टिंबाटिंबांनी आजीचं सासरचं नाव घातलेलं आहे, शेजारी १९४१. परवा घासताना चष्मा लावून नीट पाहिलं. घालणारा मांडवीजवळचा कुणी कंसारा, म्हणजे गुजराती तांबट, असणार. नाव मराठी, मागे 'सौ.' सुद्धा आहे, पण अक्षरं गुजराती आहेत. वर शिरोरेघ नाही.