कारिय्यो संधिसाधू होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्पेनमधल्या तोलेदोचा आर्चबिशप (वरिष्ठ ख्रिस्ती धर्माधिकारी) अल्फोन्सो कारिय्यो याच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा माणूस पंधराव्या शतकातल्या कॅस्टिल या स्पॅनिश राज्याचा आयाराम-गयाराम होता, आणि मी त्याला मुत्सद्दी म्हणून मोठं केलं. शिवाय त्याने सिस्नेरोस या धर्मगुरूला कैदेत टाकलं, ते मी गाळलं.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझीच आहे. उसेदा इथल्या एका धर्मपदासाठी सिस्नेरोस पोपचं नेमणूकपत्र घेऊन आला होता. कारिय्योला ते पद आपल्या माणसाला द्यायचं होतं. सिस्नेरोस हटला नाही, म्हणून त्याला काही वर्षं कैदेत राहावं लागलं. पुढे १४९५ मध्ये हाच सिस्नेरोस तोलेदोचा आर्चबिशप झाला. कारिय्योचा स्वभाव कळायला हा प्रसंग हवाच होता.

आता निष्ठेबद्दल. १४६५ मधलं त्याचं वागणं मलाही विश्वासघातच वाटतं. कॅस्टिलचा राजा एन्रिके चौथा याने आविलाचा किल्ला विश्वासाने त्याच्या हवाली केला होता, आणि हा बंडखोर सरदारांना जाऊन मिळाला. ५ जूनला त्याच आविलाच्या तटाबाहेर चौथरा उभारून राजाचा पुतळा सिंहासनावर बसवला गेला. पुतळ्याच्या डोक्यावरचा मुकुट काढला तो या आर्चबिशपनेच. मग राजाचा अकरा वर्षांचा सावत्र भाऊ अल्फोन्सो याला राजा म्हणून जाहीर केलं. दोन वर्षांनी ओल्मेदोच्या लढाईत कारिय्यो चिलखत घालून स्वतः उतरला आणि जखमी झाला. यातल्या कशाचंही समर्थन मी करणार नाही.

अल्फोन्सो १४६८ मध्ये वारला आणि कारिय्योने त्याच्या बहिणीची, इसाबेलची बाजू धरली. तिचं लग्न शेजारच्या अरागॉन राज्याचा युवराज फर्नांदो याच्याशी व्हावं म्हणून त्याने जिवाचं रान केलं. माद्रिगालला ती अडचणीत सापडली तेव्हा यानेच फौज घेऊन तिला व्हायादोलिदला सुखरूप आणलं. वधूवरांचे पणजोबा एकच, त्यामुळे पोपची परवानगी हवी होती. १९ ऑक्टोबर १४६९ ला लग्नात जे परवानगीपत्र वाचलं गेलं, त्यावर पायस दुसरा या पोपचं नाव होतं. तो पाच वर्षांपूर्वीच वारला होता! पत्र बनावट होतं. खरी परवानगी यायला १४७१ चा डिसेंबर उजाडला.

आणि इथेच तुमचा ‘संधिसाधू’ हा शब्द मला पटत नाही. संधिसाधू माणूस उगवत्या सूर्याला नमस्कार करतो. कारिय्योने केलं ते उलट. डिसेंबर १४७४ मध्ये एन्रिके वारला, इसाबेल राणी झाली. दहा वर्षांच्या खटपटीचं फळ हातात आलं होतं, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत हा दरबार सोडून निघून गेला. मे महिन्यात राणी त्याची समजूत काढायला, तो राहत होता त्या अल्कालाकडे आली, तर त्याने भेट नाकारली. मग एन्रिकेची मुलगी हुआना हिच्या हक्कासाठी लढणाऱ्या पोर्तुगालच्या राजाला तो मिळाला आणि १ मार्च १४७६ ला तोरोच्या रणांगणावर इसाबेलच्या सैन्याविरुद्ध उभा राहिला. यात त्याच्या पदरात काय पडलं? किल्ले गेले, वजन गेलं, शेवटी राणीकडे माफी मागावी लागली.

मग त्याला हवं तरी काय होतं? माझ्या मते, त्याला राजा आपल्या हाताखाली वावरणारा हवा होता. आपण कुणाच्या ओंजळीने पाणी पिणार नाही, हे फर्नांदोने लग्नानंतर लवकरच दाखवून दिलं. त्यात १४७३ मध्ये कार्डिनलपद, म्हणजे चर्चमधलं पोपच्या खालोखालचं पद, मिळालं ते पेद्रो गोन्सालेस दे मेंदोसा या दुसऱ्या बिशपला. ही जखम कारिय्योला अखेरपर्यंत सलत राहिली असावी. हा मेंदोसाही एन्रिकेच्या बाजूने होता, नंतर इसाबेलकडे आला. कारिय्योला त्रोइलो नावाचा अनौरस मुलगा होता, तशी मेंदोसालाही मुलं होती. पण मेंदोसा जिंकणाऱ्याकडे गेला, म्हणून तो ‘थोर कार्डिनल’ ठरला आणि कारिय्योच्या मृत्यूनंतर तोलेदोही त्यालाच मिळालं. दोघांनाही एकच माप लावायला हवं, एवढंच माझं म्हणणं. कारिय्योचं सर्वात गाजलेलं शब्दचित्र पुल्गारने रेखाटलं आहे. तो इसाबेलचा अधिकृत इतिवृत्तकार होता, हेही वाचताना लक्षात ठेवावं लागतं. तरीसुद्धा त्याने याच्या सढळ हाताची, किमयेच्या नादाची आणि कर्जाची नोंद केली आहे.

तुमचा एक आरोप मात्र मला खोडता येत नाही. हुआना ही एन्रिकेची औरस मुलगी नाही, असं म्हणत बंडखोरांनी तिचा हक्क नाकारला. त्यांच्यात कारिय्यो पुढे होता. दहा वर्षांनी त्याच तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने तो तलवार घेऊन उभा राहिला. या हिशेबात त्याला शेवटी माफी मिळाली, १ जुलै १४८२ ला तो अल्कालामध्ये आपल्या घरी वारला. हुआनाला कॅस्टिल आणि पोर्तुगालमधल्या १४७९ च्या तहानंतर पोर्तुगालमध्ये मठाची वाट धरावी लागली. १५३० मध्ये मरेपर्यंत ती स्वतःची सही ‘मी, राणी’ अशीच करत राहिली.

माझ्या लेखात हुआनावर जेमतेम दोन ओळी आहेत. त्या वाढवतो, आणि ‘मुत्सद्दी’ हा शब्द काढून टाकतो. सिस्नेरोसच्या कैदेचा परिच्छेद आजच जोडला आहे.