शेवटचं म्हणू नका

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा नवा अल्बम निरोपाचा ठरू शकतो, असं एका लेखात म्हटलंय. मला नाही वाटत. त्यांच्या २०१७ च्या दौऱ्याचं नावच 'द लाँग गुडबाय' होतं, पण त्यानंतर २०२०, २०२१ आणि २०२४ मध्ये नवे अल्बम आलेच ना! १९६८ पासून त्यांच्या प्रत्येक अल्बमवर ड्रम वाजवणारा एकच माणूस, इयन पेस. आमचे मोठेबाबा दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, ढोलकी वाजवत. दरसाल म्हणत, "यंदा शेवटचं." धान निघालं, मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, दिवस आले की पुन्हा ढोलकी काढून वाद्या ताणायला बसत. हात थरथरायचे, ठेका नाही चुकला कधी. पेसचं १९७२ चं जपानमधलं वादन मी शेतात जागलीला असलो की ऐकतो, आणि दरवेळी मोठेबाबाच आठवतात.