‘खरवडता कशाला? झाकून टाका!’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

जुनं दाणेदार छत ओलं करून खरवडावं आणि सपाट करून घ्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत हेच काम करताना माणसं नखशिखान्त पांढरा पोशाख चढवतात, कारण त्या दाण्यांत ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू) असतं, आणि मी मात्र लोकांच्या हातात बादली आणि खरवडायची पट्टी देऊन त्यांना शिडीवर चढवतोय. दुसरं, जिप्समचं फॉल्स सीलिंग लावलं की काम झालं, घरभर घाण कशाला? तिसरं, ही सगळी फॅशन आहे, खडबडीत छतं पुन्हा येतील. शेवटी, नाशिकच्या पंचवटीतल्या तुमच्या फ्लॅटचं काम दिवाळीआधी उरकायचं आहे, तर दर सांगा.

फॅशनचं सोडून देऊ. आली परत तर आली.

ॲस्बेस्टॉसचं तसं नाही, त्याला नीट उत्तर द्यायला हवं. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ तिकडच्या घरांचे आहेत. तिथलं छत म्हणजे लाकडी तुळयांना ठोकलेले जिप्समचे बोर्ड. त्यांचे सांधे दिसू नयेत आणि खोलीतला आवाज जरा दबावा म्हणून दाणेदार मिश्रण फवारायची तिथे पद्धत पडली, आणि बऱ्याच मिश्रणांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असायचे. १९७३ साली तिथल्या पर्यावरण खात्याने आग आणि उष्णता रोखण्यासाठीच्या अशा फवाऱ्यावर बंदी घातली, १९७८ साली सजावटीच्या फवाऱ्यावरही. हे तंतू नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, म्हणून त्या काळातल्या घराचा नमुना तिथे आधी प्रयोगशाळेत पाठवतात. योग्यच आहे ते.

आपल्या इंदिरानगर, सिडको, कॉलेज रोडच्या जुन्या सोसायट्यांत प्रकार निराळा. वर आरसीसीचा (सळया घातलेल्या काँक्रीटचा) स्लॅब, त्याखाली गिलावा, आणि त्यावर पीओपी, पुट्टी नाहीतर वाळू-सिमेंटचं रोलरने उठवलेलं टेक्श्चर. सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतायच्या साच्याच्या, प्लेटांचे व्रण आणि गवंड्याची घाई लपवायचा तो स्वस्त मार्ग. ॲस्बेस्टॉस आपल्याकडे मुख्यतः सापडतं ते सिमेंटच्या पत्र्यांत, आणि ते पत्रे आजही उघड विकले जातात. गच्चीवरच्या शेडचा जुना पत्रा कुणी ग्राइंडरने कापताना दिसला तर तुमची ही काळजी तिथे अवश्य खर्च करा. एक अपवाद मात्र मलाही मान्य आहे. जुना कारखाना किंवा सभागृह असेल आणि आवाज-उष्णता अडवायला मऊ, तंतुमय थर फवारलेला असेल, तर तपासणीशिवाय त्याला बोट लावू नये. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जुनी शेड घेऊन ऑफिस थाटणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

घरातल्या छताचा धोका म्हणजे धूळ. सिमेंट-वाळूच्या बारीक धुळीत सिलिका असते, आणि रोज ती छातीत ओढणाऱ्या कामगाराला त्यातूनच सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. जुना ऑइलपेंट असेल तर शिशाचीही शंका धरायची. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत हवं हा नियम २०१६ चा आणि त्याची अंमलबजावणी नोव्हेंबर २०१७ पासूनची. त्याआधीच्या रंगाबद्दल काहीही गृहीत धरू नये. ओलं करून खरवडा असं मी म्हटलं ते याचसाठी. रंगाऱ्याला एन-९५ मास्क तुम्हीच आणून द्या, कारण ठेकेदार तो आणत नाही आणि गमछ्याला ही धूळ अडत नाही. आणि हो, फवारायला भावकीतल्या कुणाच्या द्राक्षबागेवरचा पंप मागून आणू नका! नाशकात हा मोह होतोच. औषधाचा अंश राहिलेलं पाणी छतावरून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं कशाला? कुंड्यांचा छोटा नवा पंप पुरतो.

आता फॉल्स सीलिंग. माझं तुमच्याशी खरं भांडण इथे आहे.

मी खरवडा म्हणतो ते देखणेपणासाठी नव्हेच. टेक्श्चर निघालं की स्लॅबची तब्येत कळते, आणि पंचवीस-तीस वर्षं झालेल्या इमारतीत, त्यातही गच्चीखालच्या मजल्यावर, स्लॅब बघणं हेच मुख्य काम आहे. खडबडीत थराखाली केसाएवढी भेग कळत नाही, ओलीची फिकट तपकिरी कडा कळत नाही. स्लॅबच्या तळाला सळईवर काँक्रीटचं आवरण असतं जेमतेम २० मिलिमीटरचं, जुन्या बांधकामात बरेचदा त्याहून कमी. वरून पाणी मुरत राहिलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून रेटा देऊन ते आवरण सोडवतो. आधी ठोकल्यावर पोकळ आवाज, मग सळईच्या रेषेत भेग, मग फुगवटा, मग एक दिवस ढलपा खाली. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर पकडलं तर गवंडी आणि थोडं सामान एवढ्यात भागतं. फॉल्स सीलिंग लावलंत की हे टप्पे तुम्हाला दिसणारच नाहीत. दिसेल तो डाग पडून लोंबणारा बोर्ड. न धुतलेल्या जखमेवर पट्टी बांधण्यातलाच हा प्रकार.

आमच्या वरच्या बेडरूममध्ये टेक्श्चर निघालं तेव्हा पंख्याच्या हुकापासून बाथरूमच्या भिंतीकडे गेलेली भेग दिसली. लाकडी हातोडीने ठोकत गेलो: हुकाजवळ टणटण, भिंतीकडे भद्द. आधी गच्चीचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा वरचा थर, दुरुस्त केला, नाहीतर खालचा सगळा खर्च पाण्यात. मग सुटं काँक्रीट काढून, सळई तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने भरून घेतलं. सळई झिजून बारीक झालेली असती तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं असतं. ते काम गवंड्याच्या नजरेवर सोडायचं नसतं.

झाकणं आणि भरून घेणं यांत मात्र मी फरक करतो. टेक्श्चरवर प्लास्टिक पेंटचे थर बसलेले असले तर पाणी आत शिरतच नाही, रंगारी दिवसभर नुसता घाम गाळतो. कपाटामागच्या कोपऱ्यात फूटभर जागा ओली करून, पंधरा-वीस मिनिटं थांबून पट्टी लावून बघा. दाद देत नसेल, छत सगळीकडे टणक वाजत असेल आणि ओलीचा मागमूस नसेल, तर दाण्यांची टोकं ओली करून घासून वर पुट्टीने सपाट करायला माझी हरकत नाही. दाणे उंच असले तर तेही नको; पुट्टी जाड थरात भरायची वस्तू नाही, सुटून पडते.

दिवाळीआधी उरकायचा हट्ट सोडा. तेव्हा स्लॅबमध्ये पावसाचं पाणी अजून मुरलेलं असतं आणि चांगला रंगारी कुणाच्या वाट्याला येत नाही. पावसाळ्यात ओलीची कडा दिसेल तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहा. मार्च ते मेमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा. पुढच्या पावसात रेघ ओलांडून ओल सरकली नाही, तर जानेवारी-फेब्रुवारीत छताला हात घाला. नाशिकच्या थंडीत पुट्टी वाळायला जरा जास्त वेळ घेते, एवढंच.

दराचा आकडा मी देत नाही, कारण तुमचा स्लॅब मी पाहिलेला नाही. चौरस फुटाला सरसकट एकच भाव सांगणाऱ्याकडून खरवडणं, दुरुस्ती, पुट्टी आणि रंग असे चार भाव वेगळे लिहून घ्या. दुरुस्ती किती निघेल हे खरवडल्याशिवाय त्यालाही माहीत नसतं, तेव्हा तिचा दर आधी ठरवा आणि मोजमाप नंतर, तुमच्यासमोर. राडारोडा कोण उचलणार तेही त्याच कागदावर येऊ द्या. घंटागाडीवाले तो घेत नाहीत.